भरलेली आहे असंच समजायचं

"मी बंदुकीला घाबरत नाही," असं म्हणणारा शिपाई माझ्या खिडकीपाशी आला की मी आधी त्याच्या हातातल्या हत्याराचं तोंड कुठं आहे ते बघायचे. मग त्याचं बोट. चेहरा सगळ्यात शेवटी. नोकरीभर मी माणसं याच क्रमाने ओळखत आले आणि निवृत्तीनंतरही ही खोड गेलेली नाही. परवा नातवाच्या हातात पाण्याची पिचकारी होती, तरी मी बाजूला सरकले.

मी पोलीस खात्यात आर्मोरर होते. आमच्या शस्त्रागाराला आम्ही 'कोत' म्हणतो. तिथल्या रायफली साफ करायच्या, मोडलेली स्प्रिंग बदलायची, नळी आतून गंजली का ते उजेडाला धरून बघायचं, बंदोबस्ताला निघालेल्यांना हत्यार मोजून द्यायचं आणि परत आल्यावर मोजून घ्यायचं, हे माझं काम. बंदूक चालवणाऱ्याचं नाव होतं, सांभाळणाऱ्याच्या हाताला फक्त तेलाचा वास येतो. माझं माहेर भिवंडीजवळचं शेलार गाव, आगऱ्यांचं घर. माहेरपणाला गेले की आई भाकरीच्या पिठाला हात लावू द्यायची नाही. "तुझ्या हातांना त्या मेल्याचा वास येतं," म्हणायची. 'तो मेला' म्हणजे बंदूक. तिने जन्मात एकही जवळून बघितली नव्हती, तरी तिला ती माझ्यापेक्षा जास्त कळली होती असं कधीकधी वाटतं.

गावाला हळद असली की मांडवात भाचे घेरायचे. "आत्ये, एके-फोर्टीसेवन भारी का इन्सास?" मोबाइलवर खेळून त्यांना सगळी नावं पाठ. मी विचारायचे, "तू उभा कुठं आहेस ते सांग आधी." त्यांना वाटायचं आत्या टाळतेय. पण या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही.

आमच्याकडे सगळ्यात म्हातारी थ्री नॉट थ्री. लाकडी, लांब, खांदा सोलून काढणारी. तिच्यात प्रत्येक गोळीसाठी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी दांडा, हाताने उचलून मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. लढाईत हा उशीर जीव घेईल, पण शहरात तोच उशीर जीव वाचवतो, कारण दुसऱ्या गोळीआधी माणसाला हात हलवावा लागतो, आणि हात हलवताना थोडं डोकंही हलतं. भोईरअण्णा नावाचे आमचे एक जुने हवालदार होते. त्यांना नवी रायफल मिळाली तेव्हा ते माझ्या खिडकीशी तासभर उभे राहिले. "म्हात्रेबाई, माझी म्हातारीच बरी. ती माझ्याआधी काय करीत न्हाय." शेवटी साहेबांनी दम भरला तेव्हा त्यांनी म्हातारी परत केली, आणि देताना तिचा दस्ता रुमालाने पुसला.

नवी म्हणजे एसएलआर. तिच्यात गोळी सुटली की तिच्यामागच्या जळत्या दारूच्या वायूतला थोडा एका बारीक भोकातून वर जातो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्ट मागे नेतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि बोल्ट पुढे येताना पुढची गोळी आत घेऊन येतो. पापणी लवायच्या आत बंदूक पुन्हा तयार. गोळी जाड, दणकट, लांब जाणारी. उघड्या माळावर, सीमेवर, हिच्यासारखी भरवशाची दुसरी नाही. पण भिवंडीच्या गल्लीत ती गोळी थांबणार कुठं? एका भिंतीतून निघेल, दुसरीत शिरेल. मधे कोण जेवतंय, कोण झोपलंय, ते तिला ठाऊक नसतं. इन्सास हलकी, गोळी लहान, धक्का कमी. मॅगझिन आरपार दिसणारं, त्यामुळे आत काय शिल्लक आहे ते डोळ्यांना कळतं. हा गुण मला फार आवडायचा. एके चिखलात लोळवा, पाण्यात बुडवा, चालते. पण तिचा सेफ्टीचा खटका वरून खाली दाबला की आधी सलग फैरीवर जातो, मग एकेका गोळीवर. घाबरलेला माणूस काय करील? जोरात दाबायला गेला तर ठीक, पण अंगठा अर्ध्यावर थांबला, तर एकाऐवजी दहा सुटतील. कागदावर सगळी हत्यारं चांगलीच असतात. ती घाबरलेल्या हातात कशी वागतात, हे माझ्या पदरी पडायचं.

आणि कार्बाइन. आखूड, काळी, काखेत मावणारी. गोळी पिस्तुलाची, लांब न जाणारी, म्हणून गर्दीच्या ठिकाणी गार्डच्या प्रमुखाकडे असायची. तिची रचना बाकी सगळ्यांहून वेगळी. इतर रायफलींत गोळी नळीत बसते, बोल्ट मागून बंद होतो, आणि चाप ओढल्यावर आतली टाचणी गोळीच्या बुडावर आपटते. कार्बाइनमध्ये टाचणी बोल्टलाच चिकटलेली. बोल्ट मागे अडकवून ठेवायचा, चाप ओढला की तो स्प्रिंगच्या जोरावर पुढे धावतो, वाटेत मॅगझिनमधली गोळी उचलतो, आत ढकलतो आणि त्याच धावेत उडवतो. साधं काम, थोडे भाग, बिघाड कमी. पण तो बोल्ट चांगला जड असतो. पुढे असताना आणि मॅगझिन लावलेलं असताना ती दस्त्यावर, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या टोकावर, आपटली, तर बोल्ट स्वतःच्या वजनाने मागे जाऊ शकतो. पुरेसा मागे गेला पण अडकला नाही, तर परत येताना गोळी घेऊन येतो. मग चापावर कुणाचंही बोट लागत नाही.

हे मी नव्या भरतीच्या प्रत्येक तुकडीला सांगत असे. ते मान डोलवायचे. मीही कुठंतरी हे शिकवण्यापुरतंच खरं मानत होते.

भीतीचा पहिला धडा मला एसएलआरने दिला होता. गणपतीच्या बंदोबस्ताहून परतलेला एक शिपाई, दोन दिवसांचा जागा. हत्यार खाली, म्हणजे रिकामं, करायची पद्धत साधी: आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा, म्हणजे नळीत असलेली गोळी बाहेर पडते. त्याने झोपेत उलटं केलं. आधी बोल्ट ओढला, तेव्हा नळीतली गोळी पडली, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधली दुसरी आत घेऊन गेला. मग त्याने मॅगझिन काढलं, "खाली आहे बाई," म्हणाला, आणि नेमाप्रमाणे दाराजवळच्या वाळूच्या पेटीत नळीचं तोंड धरून चाप ओढला. वाळू छतापर्यंत उडाली. तो खाली बसला आणि कितीतरी वेळ दोन्ही कान धरून हसत राहिला. ते हसू नव्हतं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही 'खाली आहे'वर विश्वास ठेवला नाही. आमच्यात एकच नियम आहे: हातात आलेली बंदूक भरलेली आहे असंच समजायचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत एका जुन्या सरकारी इमारतीत आमची सशस्त्र गार्ड असायची. चार माणसं. प्रमुख नाईक तरे, माझ्याच बाजूचा, बोलघेवडा, डब्यात सुकट नसली तर रुसणारा. त्याच्याकडे कार्बाइन. बाकी तिघांकडे एसएलआर. त्या तिघांतला एक शिपाई किसन सापटे. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या वरच्या पाड्यावरचा, आदिवासी घरातला, घरातला पहिलाच सरकारी नोकर. कमी बोलायचा. रायफल द्यायला आला की दोन्ही हातांनी, ताट द्यावं तशी द्यायचा. तरे आणि तो एका डब्यात जेवायचे.

त्या दिवशी मी भिवंडीतच होते. गार्डांच्या हत्यारांची तपासणी चालू होती आणि जवळच्या पोलीस ठाण्यात मी टेबलावर रायफली उघडून बसले होते. दुपारी जेवायच्या सुमाराला ठाण्यातला फोन वाजला आणि ड्युटीवरचा हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, तुमच्या गार्डमध्ये गोळी सुटली."

गल्ली जवळच होती. मी आणि दोन शिपाई पळतच गेलो. वाटेत एक रिक्षा उलट दिशेने जाताना दिसली, तिच्या मागच्या सीटवर तरे आडवा होता. गार्डमधला एक शिपाई त्याची मांडी दोन्ही हातांनी दाबून बसला होता. रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

इमारतीच्या पायरीवर गार्डमधला चौथा, शिपाई गवळी बसला होता, पायात बूट नाहीत. त्याच्याकडून कळलं ते एवढं: जेवायला बसताना तरेची कार्बाइन खाटेला टेकवून ठेवलेली होती. डबे मांडायला जागा हवी म्हणून सापटेने ती उचलली. ती त्याच्या हातून निसटली, दस्त्यावर आपटली आणि आवाज झाला. तरे "आई गं" म्हणून कलंडला. दोघांनी त्याला उचलून बाहेर आणलं. वळून बघतात तर सापटे गार्डरूमचं दार आतून लावून घेतोय. आत सापटे, ती कार्बाइन, तीन एसएलआर आणि सगळ्यांची मॅगझिनं.

"काय बोलला का?" मी विचारलं.

"न्हाय. दार लावताना माझ्याकडं बघितलान फक्त."

ठाण्याचे साहेब आले तेव्हा गल्लीत बघ्यांची गर्दी झाली होती. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला. "ही भिंत गोळी अडवेल?"

मी भिंत बघितली. जुनी वीट, एकेरी, पोपडे निघालेली. "कार्बाइनची अडवेल साहेब. एसएलआरची नाही."

मग आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून बघितलं. गार्डरूमच्या खिडकीच्या बरोबर समोर, गल्लीच्या पलीकडे, कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. पत्र्याचं छप्पर, लांब खिडक्या, आत खटखटाट. समोर गोळी सुटली हे आतल्या कारागिरांना ऐकूसुद्धा गेलेलं नव्हतं. माणसं मागावर वाकून धागे जोडत होती. आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

साहेबांनी कारखान्याच्या मालकाला बोलावलं. रफिकभाई, पन्नाशीचे, दाढी मेंदीने लाल केलेली, बनियनवर रुईचे धागे चिकटलेले. सरकारी फलालीनचं कापड वेळेवर यायचं नाही तेव्हा बंदुकांच्या नळ्या पुसायला मी त्यांच्याकडूनच सुती चिंध्या न्यायचे, त्यामुळे ओळख होती. साहेबांनी सांगितलं, "सगळ्यांना मागच्या दाराने काढा, आवाज न करता." पाच-सात मिनिटांत कारागीर मागच्या दाराने निघून गेले. आणि जाताना, जे कुणीही करील तेच त्यांनी केलं. माग बंद केले.

भिवंडीत राहिलेल्याला सांगायला नको, लूमचा आवाज आम्हाला ऐकू येत नाही. तो थांबला की ऐकू येतो. गल्ली अशी गप्प झाली की कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या वाजल्या त्याही मला कळल्या.

आणि आतून आवाज आला. खटाक्.

तो आवाज मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही ओळखीन. एसएलआरचा बोल्ट मागे जाऊन पुढे आला होता. नळीत गोळी बसली होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी फक्त मान हलवली.

"कोन हाय तिकडं?" सापटेचा आवाज फाटलेला होता. "आवाज कशाला बंद केलाव? मना मारायला आलाव ना?"

मीच बोलले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "किसन, मी म्हात्रेताई. कोतातली."

"ताई, तुमी जा. तुमी हितं राहू नका."

"कुणी मारायला आलेलं नाही."

"मंग लूम कशाला बंद केल्यात?"

मला त्याची भीती एकदम कळली. वर्षभर त्या खोलीत तो दिवसरात्र त्या खटखटाटात बसला होता. तो थांबला म्हणजे बाहेर काहीतरी ठरलं होतं. मी साहेबांना हळूच म्हटलं, "माग चालू करायला सांगा."

"आत माणूस पाठवू? त्याच्या निशाण्यावर?"

ते बरोबर बोलत होते. रफिकभाई जवळच उभे होते, त्यांनी ऐकलं. "साब, मैं जाता हूँ. मेन स्विच दीवार के नीचे है. लेट के जाऊँगा."

"गोली दीवार के पार आएगी, चाचा," साहेब म्हणाले.

"सुना मैंने, मैडम ने बोला." त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, मशिदीत शिरताना ठेवतात तशी, नीट जोडून. मग मागच्या दाराकडे गेले. मी त्या खिडक्यांकडे बघत राहिले. आत कुणी दिसत नव्हतं. मग एक माग धडधडला, मग दुसरा, मग सगळी ओळ. रिकामे माग, माणसाविना चालणारे.

रफिकभाई कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत. नंतर कळलं, धागा तुटून माग थांबला तर तो पुन्हा चालू करायला कुणीतरी हवं, म्हणून ते आतच, जमिनीवर पडून राहिले होते.

साहेबांनी मला दाराजवळ जाऊ द्यायला आधी नकार दिला. मग सिमेंटचा एक खांब दाराच्या बाजूला होता, त्याच्या आड उभं राहायचं या अटीवर सोडलं. तो खांब गोळी अडवेल हे मला माहीत होतं. पण माझं शरीर त्या माहितीवर विश्वास ठेवत नव्हतं. मी खांबाला पाठ लावली आणि पाठीला जाणवत राहिलं की खांब माझ्यापेक्षा बारीक आहे.

"किसन, ऐकू येतंय?"

"तरे मेला ना?" दाराच्या फटीतून आवाज आला. तो दाराला टेकूनच बसला होता.

"माहीत नाही. दवाखान्यात नेलंय. मांडीत लागलीय, मी रिक्षात बघितलं. जिवंत होता."

"तुमी खोटं सांगताव."

"खोटं सांगायचं असतं तर बरा आहे म्हणाले असते."

तो म्हणाला, "ताई, मी बोट लावलं न्हवतं. आईशपथ. पन कोन मानील? मी उचलली, माझ्या हातात होती, सुटली. माझ्याच हातात होती."

मी त्याला कार्बाइनची रचना सांगायला लागले. तीच, जी वर्गात सांगायचे. जड बोल्ट, दस्त्यावरचा आपट, मागे जाणं, परत येणं. खांबाआड उभी राहून, समोर गल्लीत साहेब आणि दहा शिपाई जमिनीला टेकलेले, आणि मी मोठ्याने स्प्रिंगबद्दल बोलतेय. बोलताना माझे दात एकमेकांवर आपटत होते. पण रोजचे शब्द होते, ते आपोआप येत होते.

"मंग चाप कोनी वढला?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही."

मग तो म्हणाला, "असं हत्यार आमच्या हातात कशाला देताव, ताई?"

त्या कार्बाइनमध्ये दोष नव्हता. मी स्वतः ती तपासली होती, प्रत्येक भाग जागेवर होता. ती बनवलीच तशी होती, दुसऱ्या कुठल्यातरी लढाईसाठी, दुसऱ्या कुठल्यातरी घाईत.

तो रडायला लागला. मी म्हटलं, "किसन, रायफल खाली कर आणि दार उघड. मी इथंच आहे. आधी मॅगझिन काढ. मग बोल्ट ओढ. याच क्रमाने."

"हां."

आणि तेव्हा मला कळलं की मी केवढी अडचण करून ठेवलीय. एरवी मी कानाने सांगितलं असतं. मॅगझिन निघाल्याची टिचकी, बोल्टचा आवाज, फरशीवर पडलेल्या गोळीची किणकिण. पण त्याला शांत करणारा तो खटखटाट माझे कान बंद करून बसला होता. काहीतरी खडखडलं. पुन्हा काहीतरी खडखडलं. कुठलं आधी, कुठलं नंतर, कळलं नाही. गोळी पडली का, तेही कळलं नाही.

"खाली हाय, ताई," तो म्हणाला.

कडी सरकली. दार आत उघडलं आणि मी खांबाआडून पुढे झाले. सापटे दारात उभा होता, घामाने भिजलेला, आणि त्याने दोन्ही हातांनी रायफल पुढे केली. ताट द्यावं तशी. पण दार अरुंद होतं, त्यामुळे ती आडवी येईना. नळीचं तोंड माझ्या छातीकडे होतं. मॅगझिन नव्हतं. उजव्या हाताची बोटं चापाच्या कडीभोवती.

मागे साहेब काहीतरी बोलले. मला शब्द कळले नाहीत. मी त्या काळ्या भोकाकडे बघत होते. आयुष्यभर मी नळ्या मागून बघितल्या होत्या, उजेडाकडे धरून. समोरून पहिल्यांदा बघत होते. ते भोक फार लहान असतं. करंगळीसुद्धा जात नाही. माझ्या मनात फक्त एकच विचार होता, की मी ओरडले किंवा हात झटकला तर तो दचकेल.

"किसन," मी म्हटलं, "बोट बाहेर घे बाळा." तो वयाने एवढा लहान नव्हता. शब्द तोंडातून गेला.

त्याने बोट काढलं. मी नळीला खालून तळहात लावला आणि हळूहळू छताकडे नेली, भरलेली घागर उचलतात तशी. मग दुसऱ्या हाताने रायफल घेतली आणि बोल्ट मागे ओढला.

आतून एक जिवंत गोळी उडाली आणि माझ्या पायाशी पडली.

त्याने आधी बोल्ट ओढला होता, मग मॅगझिन काढलं होतं. खोलीत एक गोळी पडलेली होती, ती आधीची. ही दुसरी. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे होतो. मग आम्ही उंबऱ्यावर समोरासमोर बसलो. शिपाई आत धावले. कुणीतरी माझ्या हातातून रायफल काढून घेतली. ती सोडायला माझी बोटं तयार नव्हती, एकेक उलगडावं लागलं.

तरे वाचला. मांडीचं हाड गेलं होतं, पाय वाचला, पण आखूड राहिला. चौकशीत त्याला विचारलं, सापटेचं बोट चापावर होतं का. तो म्हणाला, "मी डबा उघडत होतो. बघितलं नाही." त्याला खोटं बोलून मित्राला सोडवता आलं असतं. त्याने तसं केलं नाही आणि सापटेलाही त्याने तसं करावं असं वाटलं नाही.

मग ते माझ्यावर आलं. चाप न ओढता ती कार्बाइन सुटते का, हे करून दाखवायचं होतं. फायरिंग रेंजवर रबराची जाड पट्टी टाकली. गोळीचं शिशाचं टोक आणि दारू काढून टाकलेलं, फक्त बुडातला फटाका जिवंत ठेवलेलं काडतूस मॅगझिनमध्ये घातलं. चौकशीचे साहेब वाळूच्या पोत्यांमागे. मी कार्बाइन कमरेइतक्या उंचीवरून सरळ सोडली. ती आपटली, काही झालं नाही. पुन्हा सोडली. पुन्हा काही नाही. कितीदा सोडली ते मोजलं नाही, हात भरून आले. मी दोन्ही बाजूंनी घाबरले होते. ती सुटली नाही तर सापटेची नोकरी जाणार. सुटली तर तशाच कार्बाइनी त्या क्षणी कितीतरी गार्डांच्या खांद्यावर लटकत होत्या, खाटांना टेकलेल्या होत्या, कुणी डबे मांडताना उचलत होतं.

साहेब म्हणाले, "पुरे करू या का, बाई?"

मी म्हटलं, "अजून एकदा." ती थोडी तिरकी पडली. टप्. लहानसा आवाज, लवंगी फटाक्याएवढा. मला आनंद झाला नाही. मी ती उचलली, आणि उचलताना दस्ता जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या गार्डांच्या कार्बाइनी परत मागवल्या. एरवी खिडकीतून हत्यार ढकलून चहाला पळणारी माणसं त्या दिवशी ती हळू ठेवत होती, आणि ठेवल्यावर मागे सरकत होती. भीती पसरली होती, आणि मला ती बरी वाटली.

सापटेची नोकरी राहिली. त्याने हत्यार नसलेली ड्युटी मागितली, ती मिळाली. रफिकभाईंना साहेबांनी शाल दिली. ते म्हणाले, "अरे साब, मैंने तो बटन दबाया." मी एकदा चिंध्या आणायला गेले तेव्हा त्यांना विचारलं, भीती नाही वाटली? त्यांनी मागावरून नजर काढली नाही. "बहुत लगी, मैडम. उसके बाद तीन रोज कारखाने में पाँव नहीं रखा. घर में बोला बुखार है."

निवृत्तीनंतर एकदा वज्रेश्वरीला गेले होते. येताना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर थांबले, तर पायऱ्यांवर तरे आणि सापटे. तरेच्या पायाला त्या पाण्याने आराम पडतो, म्हणून सापटे दर रविवारी मोटारसायकल घेऊन त्याच्या घरी जातो, त्याला मागे बसवून आणतो, हे मला तेव्हा कळलं. तरे नेहमीसारखा बोलत होता. पाणी फार कढत आहे, सापटे मुद्दाम कढत कुंड निवडतो, वगैरे. सापटे नेहमीसारखा गप्प.

त्याने तरेच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला पायरीवरून पाण्यात उतरवायला घेतलं. पायरी शेवाळलेली, तरेचा आखूड पाय खाली अधांतरी. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एका लग्नाच्या गाडीतून कुणीतरी सुतळी बॉम्ब टाकला.

मी खाली बसले. खरंच, हातांनी डोकं झाकून, पायरीवर. तरेचा चेहरा पांढरा पडला, बोलणं मधेच तुटलं. सापटेचं सगळं अंग असं हललं की पाण्यावर वलयं उठली. त्याचे डोळे घट्ट मिटले होते, दात आवळलेले होते.

पण हात होते तिथंच होते. त्याने डोळे उघडले नाहीत, तसाच एक पायरी खाली उतरला, मग दुसरी, आणि तरेला पाण्यात बसवून मगच त्याच्या काखेतले हात काढले.